फाइल बंद झाल्यावर

कर्करोगावर उपचार घेणारं मूल दगावलं की त्याची फाइल बंद होते. शेवटच्या पानावर तारीख, वेळ आणि कारण लिहिलं जातं, खाली डॉक्टरांची सही होते आणि ती फाइल इतर बंद फायलींच्या रांगेत जाऊन बसते. ही गोष्ट अशाच एका फायलीची आहे. मूल धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीचं होतं. मुलगी, दुसरीत शिकणारी. तिचं नाव मी सांगत नाही आणि रुग्णालयाचंही नाही. जे तिथं घडलं ते कुठंही घडू शकलं असतं, आणि नंतर जे घडलं ते सगळीकडं घडावं असं मला मनापासून वाटतं.

बाप येडशी-बार्शी रस्त्यावर जीप चालवायचा. आई खुरपणीला, सोयाबीन काढायला जायची. घरात आजी होती, बापाची आई. पोरीला ताप यायचा, जायचा. पाय दुखतात म्हणून ती रात्री रडायची. मांडीवर, दंडावर काळे-निळे डाग दिसायला लागले तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि अहवाल हातात पडताच त्याच दिवशी पुढं पाठवलं. अ‍ॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच, आणि नीट उपचार झाले तर बरा होण्याची मोठी आशाही याच्यातच. फक्त उपचार लांबलचक असतात, दोन-अडीच वर्षांचे.

आईचं शिक्षण सातवीपर्यंत. पण चार-सहा महिन्यांत ती असे शब्द बोलायला लागली की शेजारणी बघत राहायच्या. काउंट किती आले, पाठीतलं इंजेक्शन कधी आहे, लाइनचं ड्रेसिंग कोणत्या दिवशी, प्लेटलेट लागतील का. पाणी उकळून द्यायची. फळ सोलल्याशिवाय द्यायची नाही. बाहेरून आलेल्याला हात धुतल्याशिवाय लेकराजवळ जाऊ द्यायची नाही, मग तो सख्खा मामा का असेना. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहायची. जनआरोग्य योजनेतून औषधांचा खर्च निघत होता. गाडीभाडं, शहरातलं राहणं आणि बुडालेली मजुरी मात्र घरच्यांनीच सोसली.

केमोनंतर पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की शरीराला जंतूंशी लढताच येत नाही. पू होत नाही, सूज येत नाही, लाली येत नाही. दिसतो फक्त ताप. मूल बसलेलं असतं, बोलत असतं, आणि काही तासांत हाताबाहेर जातं. म्हणून जगभरच्या बालकर्करोग विभागांत नियम आहे की असं मूल तापानं फणफणत दारात आलं तर तपासण्यांच्या अहवालांची वाट न बघता तासाभरात शिरेतून प्रतिजैविकाचा पहिला डोस गेला पाहिजे.

या मुलीच्या फायलीत शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ताप सुरू झाल्यावर सहा तासांनी आणलं. पालकांना धोक्याच्या खुणांची पुरेशी जाणीव नव्हती.

त्या रुग्णालयात दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर, आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिनाच्या सुमारास, बऱ्या झालेल्या मुलांचा मेळावा भरतो. केस पुन्हा दाट आलेली पोरं नाचतात, गाणी म्हणतात. आयांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. असे मेळावे व्हायलाच हवेत. नुकतंच निदान झालेल्या घराला असं एखादं धडधाकट पोर डोळ्यांनी बघायला मिळणं हा फार मोठा आधार असतो. मेळाव्याच्या शेवटी पालकांना विचारायचे, "आमच्या सेवेत काही सुधारणा सुचवाल का?" दरवर्षी उत्तर एकच यायचं. "सगळं चांगलं हाय. तुमी देवासारखं भेटलात."

यात खोटं काही नसतं. ज्याचं लेकरू वाचलं त्याला डॉक्टर देवासारखेच दिसतात. पण आपल्याकडची उपकाराची जाणीव फार खोल असते, आणि तिच्या तळाशी थोडी भीतीही असते. तक्रार केली आणि उद्या परत तपासणीला यावं लागलं तर? आपल्या पोराकडं कुणी वाकडं बघितलं तर? मराठवाड्यातला माणूस दवाखान्याच्या पायरीवर चप्पल काढतो, ती काही नुसती फरशी मळू नये म्हणून काढत नाही. अशा माणसाच्या हातात सूचनांचा कागद दिला तर तो कोराच परत येणार. त्यावरून सगळं ठीक आहे असा निष्कर्ष काढणं ही विचारणाऱ्याचीच चूक.

ही मुलगी गेल्यानंतरच्या मेळाव्याची यादी करताना वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टर म्हणाल्या, "बाई, आपण दरवर्षी पोचलेल्या लोकांनाच विचारतो की रस्ता कसा होता. जे वाटेतच राहिले त्यांना कुणी विचारलंय का?"

विभागप्रमुख डॉक्टरबाई गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, "त्यांच्या जखमेवर मीठ चोळायला जायचं का?" ही शंका रास्तच होती. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घरी कागद-पेन घेऊन जायचं आणि आमची सेवा कशी वाटली म्हणून विचारायचं, हे क्रूर वाटू शकतं. शिवाय आणखी एक भीती होती, कुणी उघड न बोललेली. त्यांनी खरंच काही सांगितलं तर?

अमेरिकेत बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला या भीतीला सामोरं जावं लागलं होतं. १९९४ च्या डिसेंबरमध्ये बेट्सी लेहमन नावाची स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण तिथं दगावली. बोस्टन ग्लोब या वर्तमानपत्रात ती आरोग्यावर लिहायची. चार दिवसांत मिळून द्यायचं औषध तिला चारही दिवस रोज तेवढंच दिलं गेलं होतं. ही चूक दोन महिन्यांनंतर, नोंदी चाळताना उघड झाली. त्यानंतर त्या संस्थेनं कारभारच बदलायला घेतला आणि काही वर्षांत रुग्ण व नातेवाईक यांची परिषद नेमली. निर्णय जिथं होतात त्या टेबलाशी त्यांना बसवलं, पुढं बालविभागातही. एका मृत्यूकडं धीटपणे पाहिल्यामुळं हे झालं.

डॉक्टरबाईंनी होकार दिला, पण अटी घातल्या. आधी फोन करून परवानगी घ्यायची. नको म्हणाले तर पुन्हा विचारायचं नाही. जाणाऱ्यानं छापील प्रश्न न्यायचे नाहीत. आणि जे सांगतील ते तिथल्या तिथं खोडून काढायचं नाही, आपली बाजू मांडायची नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण विचारतो तेव्हा निम्मं लक्ष उत्तर तयार करण्यात असतं.

येडशीला फोन लागला तो आजीनं उचलला. रुग्णालयाची समाजसेविका चाचरत बोलली. आजी म्हणाली, "ये की बाई. आमच्याकडं येऊन इचारायचं नवं न्हाई."

ते खरंच नवं नव्हतं. आजीचं माहेर परंड्याकडचं. बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. खेड्यात रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हते, मग कागद कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, पारावर बसायचे, घरोघरी जायचे. कुणाला गाठ आहे का, कुणाची जखम भरत नाही का, गेल्या वर्षात कोण गेलं आणि कशानं गेलं. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्शीत उभारलेलं हे काम, मुंबईच्या टाटा मेमोरियलचं पाठबळ असलेलं. पुढं १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायकांचा. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी ज्या गटाला मिळाली त्यातले मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले, हे २००९ साली जगापुढं आलं. आज जगभरात या आजाराच्या तपासणीची चर्चा होते तेव्हा आमच्या या कोरडवाहू जिल्ह्यातल्या बायकांचा दाखला दिला जातो, हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही. आजीचा थोरला भाऊ घशाच्या गाठीनं गेला तेव्हा बार्शीची माणसं घरी आली होती, ओट्यावर बसली होती, चहा घेऊन सगळं लिहून घेऊन गेली होती. तिच्या लेखी दवाखान्याच्या माणसानं घरी यावं हीच रीत.

समाजसेविका आली तो श्रावणातला सोमवार होता. एसटीत उभं राहायला जागा नव्हती. सगळी गर्दी रामलिंगला निघालेली. येडशीजवळच्या जंगलात, घाटात उतरून गेलं की महादेवाचं ते जुनं देऊळ लागतं. पावसाळ्यात तिथं धबधबा असतो, माकडं असतात, आणि जटायूची समाधी आहे. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूनं अडवलं ते इथंच, असं या भागात पिढ्यान् पिढ्या सांगतात. घायाळ जटायूला पाणी पाजायला रामानं बाण मारून झरा काढला, असंही सांगतात.

आजी नुकतीच तिथून परतली होती. तिनं पाहुणीच्या हातावर प्रसाद ठेवला. चहा झाला. मुलीची आई चुलीपाशी पाठ करून बसली होती.

समाजसेविका म्हणाली, "ताई, मी काही विचारायला आले नाही. त्या रात्री काय काय झालं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं तर ऐकायला आलेय."

बराच वेळ आई काही बोलली नाही. मग मान न वळवता म्हणाली, "माझं लेकरू गेलं. मला काय कळतंय म्हनून सांगू? ज्यांची वाचली त्यांना इचारा. त्यांनी नीट केलं आसंल."

आजी तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "अगं, सीतेला कोन्या दिशेला नेलं ते रामाला कुनी सांगितलं? जटायूनं. तो काय जिकला व्हता का? हरलाच व्हता. पंख तुटून पडला व्हता. पर बघितलं त्यानंच व्हतं. रामानं त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं, पानी पाजलं, मग इचारलं. सांग ह्या बाईला. ती घरापतुर आलीय."

रामायण मी लहानपणापासून ऐकत आलो. जटायूच्या निष्ठेवर, त्यागावर बोललेलं पुष्कळ ऐकलं. पण तो पराभूत होता आणि तरीही पुढचा सगळा शोध त्याच्या दोन वाक्यांवर उभा राहिला, हे त्या म्हातारीनं दाखवलं तेव्हाच मला दिसलं. आणि आधी पाणी, मग प्रश्न, हा क्रमही.

आई उठली. आतून पत्र्याची पेटी घेऊन आली. तिच्यात ताप लिहायची वही होती, रुग्णालयानं दिलेला सूचनांचा कागद होता आणि एक बंद करून ठेवलेला मोबाइल होता.

"अकराला तिला ऊन लागलं म्हनून मोजलं. एकशे एक. हे बगा, लिवलंय. तुमच्या कागदात शंभराच्या वर गेला की फोन करा म्हनून सिस्टरनं सांगितलं व्हतं. कागद इंग्रजीत हाय, पर ती खूण मला म्हाईत व्हती. सव्वाअकराला फोन लावला. वाजला, वाजला, कुनी उचलला न्हाई. परत लावला. हे तुळजापूरला भाडं घेऊन गेलं व्हतं. पाऊस लई व्हता."

तिनं तो मोबाइल चालू केला. त्या दिवसानंतर तिनं तो वापरलाच नव्हता. पडद्यावर एकाखाली एक तोच नंबर, वेळांसकट. सव्वाअकरा, अकरा सतरा, अकरा वीस, साडेअकरा. समाजसेविकेनं नंबर ओळखला. तो बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलावरचा होता. सकाळी नऊला तिथं माणूस बसतो, संध्याकाळी पाचला उठतो. तो कागद तिनं स्वतः कितीतरी आयांच्या हातात दिला होता.

आई सांगत गेली. दिराला उठवलं. शेजारची गाडी काढली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं रात्रपाळीला तरुण डॉक्टर होते. त्यांना तिनं सांगितलं, केमो चालू आहे, काउंट कमी असतील, सलाइनमधून औषध सुरू करा. डॉक्टरांनी फाइल उघडली, पानं उलटली आणि मिटली. "कॅन्सर म्हटल्यावर भ्याले वो ते. हात लावीनात. म्हनले, जिथलं हाय तिथंच न्या. तापाचं पातळ औषध तेवढं दिलं." त्या औषधानं ताप उतरला. पोरगी घटकाभर बोलली, पाणी मागितलं. घरच्यांना वाटलं, सुटलो. शिवाय दुसऱ्याच दिवशी तपासणीची तारीख होती. तारखेच्या आधी गेलं तर रागावतात, हा अनुभव गाठीशी होता. तरी आईचं मन मानेना. तिनं दिराला गाडी वळवू दिली नाही. पहाटे शहरात पोचले. फाटकावर पास मागितला. आत गेल्यावर सांगितलं, आधी केसपेपर काढा. दीर खिडकीपाशी रांगेत उभा राहिला. ती लेकराला कडेवर घेऊन बाकड्यावर बसली.

दुपारी बारापर्यंत सगळं संपलं.

"आमी उशीर न्हाई केला," आई म्हणाली. "तुमच्या कागदावर उशिरा आनलं म्हनून लिवलंय. भावजींनी वाचून दाखवलं. मी अकराला मोजलं, सव्वाअकराला फोन केला. तेवढं एक काढा त्याच्यातनं. बाकी मला काय नगं."

रुग्णालयात हे सगळं सांगितलं गेलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना. गेली कित्येक वर्षं तिथं एकच समजूत होती. गावाकडच्या लोकांना तापाचं गांभीर्य कळत नाही, त्यांना आणखी शिकवलं पाहिजे. म्हणून शिकवण्या वाढत होत्या, तक्ते वाढत होते. फोन कुणी उचलत नाही हे मात्र तक्त्यांत येत नव्हतं.

ही समजूत एकट्या त्या रुग्णालयाची नाही. मुलांचे उपचार अर्धवट सोडून कुटुंबं निघून जातात तेव्हाही वर्षानुवर्षं हेच म्हटलं गेलं, अडाणी आहेत, देवऋषीकडं गेले असतील. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये एके काळी साधारण पाचातलं एक मूल असं उपचाराबाहेर जात होतं. तिथल्या बालविभागानं २०१० मध्ये इम्पॅक्ट फाउंडेशन उभं केलं आणि घरांच्या अडचणी एकेक करून हातात घेतल्या. राहायला जागा, जेवण, औषधाचे पैसे, रक्त, प्रवास, आणि तारीख चुकली की त्याच दिवशी घरी फोन. जोडीला संत गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा होती. २००६ पासून सेंट ज्यूड्सची घरं होती, जिथं आई स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या हातची भाकरी करून लेकराला घालू शकते. उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास आलं. लोक तेच होते, गावं तीच होती, गरिबीही तीच. एवढं कळूनही आपण एखाद्या आईच्या अज्ञानाला दोष द्यायला किती लवकर तयार होतो, याचा मला राग येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली उद्दिष्ट ठेवलं की २०३० पर्यंत जगातली निदान ६० टक्के कर्करोगग्रस्त मुलं वाचावीत. श्रीमंत देशांत आजच ८० टक्क्यांहून जास्त वाचतात. मधलं अंतर औषधांचं आहे तसंच सव्वाअकराला वाजलेल्या आणि न उचललेल्या फोनचंही आहे.

डॉक्टरबाईंनी बैठक बोलावली. आईला बोलावलं, येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी आधीच पाठवून. यायचं की नाही ते तिनं ठरवायचं होतं. ती आली, सोबत आजी आली. त्या इमारतीच्या पायऱ्या चढताना आईचे पाय थरथरत होते. सिस्टरनं तिचा हात धरला. बैठकीत आणखी काही पालक होते, काहींची मुलं उपचार घेत होती, काहींची गेली होती.

रात्रीचा फोन चालू ठेवायचा विषय निघाला तेव्हा कार्यालयातले एक साहेब म्हणाले, "साध्या सर्दीसाठीसुद्धा लोक रात्री फोन करतील."

आई पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "करू द्या की साहेब. सर्दीचा फोन आला तर तुमची पाच मिन्टं जातील."

त्यावर कुणी काही बोललं नाही. रात्रपाळीच्या सिस्टरकडं राहील असा मोबाइल घ्यायचं ठरलं.

मग कार्डाचं निघालं. जाड, पाण्यानं न भिजणारं, गळ्यात अडकवता येईल असं. एका बाजूला मराठीत, घरच्यांसाठी. दुसऱ्या बाजूला डॉक्टरांसाठी, कुठल्याही गावच्या: या मुलाला कोणता आजार आहे, कोणती औषधं चालू आहेत, तापात पहिलं प्रतिजैविक कोणतं, वजनाप्रमाणे किती, आणि रात्रीचा नंबर. मसुदा वाचून झाल्यावर आई म्हणाली, "ह्याच्यात एक लिवा. डॉक्टर, भिऊ नका, पैला डोस तुमीच द्या, आमी फोनवर हाव." ते वाक्य जवळपास तसंच छापलं गेलं. डॉक्टरबाईंनी नंतर तालुक्यांच्या ठिकाणी जाऊन तिथल्या डॉक्टरांशी बोलणी केली, कारण कार्डावर छापलं म्हणून कुणाची भीती जात नाही. तापाचं पातळ औषध आधी पाजू नका, त्यानं ताप झाकला जातो आणि आजार आत वाढत राहतो, हे मराठी बाजूला मोठ्या अक्षरांत आलं.

आजीला कार्ड दाखवलं. ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. रातीला घरी मी एकलीच आसले तर?" मग थर्मामीटरचं चित्र आलं, त्यावर आकड्याशी लाल रेघ. आजीला आकडे कळत होते, बाजारहाट तिनंच सांभाळला होता. आणि फाटकाचं काय, हे एका दुसऱ्या बापानं विचारलं. त्याच्यावरही तीच वेळ आली होती. ठरलं की कार्ड दिसलं की पहारेकऱ्यानं थेट वॉर्डात सोडायचं, केसपेपर नंतर. यासाठी पैसा लागला नाही. फक्त त्या पहारेकऱ्यांनाही बैठकीत बोलवावं लागलं, आणि त्यांच्यातल्या एकानं सांगितलं की वॉर्डाकडं जाणारं मागचं दार रात्री कुलूपबंद असतं. हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

सगळं आटोपल्यावर आईनं आपला विषय काढला. ते वाक्य.

डॉक्टरबाईंनी फाइल मागवून घेतली होती. त्या म्हणाल्या, "ताई, लिहिलेलं खोडायला कायद्यानं परवानगी नाही. पण खाली लिहिता येतं." आणि सगळ्यांसमोर त्यांनी लिहिलं की आईनं रात्री अकराला ताप मोजला, सव्वाअकरापासून दिलेल्या नंबरवर पुनःपुन्हा फोन केले, रुग्णालयानं ते उचलले नाहीत, पालकांना धोक्याची जाणीव होती. तारीख घातली, सही केली आणि ते मराठीत वाचून दाखवलं. आईनं पदर तोंडाला लावला. आजी म्हणाली, "आता बरं झालं."

समाजसेविकेनं आईला विचारलं, "दर तीन महिन्यांनी अशी बैठक घ्यायचं चाललंय. तुम्ही याल का नेहमी?"

आईनं नाही म्हटलं. "मला जेवढं म्हाईत व्हतं तेवढं सांगून झालं. आता पुढल्या येळी परंड्याकडच्या त्या भाऊंना बोलवा. वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर त्यांचं पोरगं व्हतं. त्यांनी इलाज मधीच सोडून त्याला घरी नेलं. का नेलं ते त्यांना कुनी इचारलं न्हाई, लई बोलनी मातर दिली."

फायलीतून त्यांचा नंबर निघाला. फोन लावला तेव्हा ते भाऊ आधी चिडले, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी यायला तयार झाले. पण बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी नको म्हणाले, त्या दिवशी त्यांचा भाजीचा गाळा असतो. बैठक एक दिवस पुढं ढकलली.